नमुन्यातली मुलगी

तीर्थस्वरूप मावशी, तुला, आणि तुला हे पत्र वाचून दाखवणाऱ्या कंपाउंडर काकांनाही माझा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. मागच्या पत्रात 'सूज उतरली' असं होतं, पण त्यापुढे काकांनी कंसात 'असे ती म्हणते' असं आपल्या मनाने घातलं होतं, त्यामुळे माझी काळजी उलट वाढली. (काका, त्या कंसाबद्दल आभारी आहे. मीही या पत्रात काही गोष्टी कंसात लिहिणार आहे. त्या फक्त तुमच्यासाठी आहेत, मावशीला वाचून दाखवू नका. तिने 'का थांबलात?' असं विचारलं तर चष्मा पुसा.) जिना दिवसातून एकदाच चढ. आमच्याकडे सगळं ठीक आहे. आई ठीक आहे. बाबाही ठीक आहेत आणि नेहमीसारखे गप्प आहेत. तुझी कापडी पिशवी आमच्याकडे राहिली आहे, हे कळवण्यासाठीच खरं तर हे पत्र. ती धुऊन, घडी घालून ठेवली आहे. आता पिशवीचा विषय संपला आणि कागद बराच उरला आहे, म्हणून थोडं नोकरीबद्दल लिहिते.

आपल्या घरात कागद वाचता येणारी मी पहिली, आणि बहुतेक म्हणूनच कागदाला भिणारीही पहिली. तुम्ही सगळे अंगठा उठवून मोकळे होता, मी सही करण्याआधी कागदाची मागची बाजूसुद्धा वाचते. जन्मनोंदणीच्या खिडकीवर असं माणूस बसवावं की नाही, यावर आमच्या कचेरीत दोन मतं आहेत. खिडकीशेजारच्या भिंतीवर पूर्वी एक नमुना-अर्ज चिकटवलेला असायचा, लोकांनी बघून आपापला अर्ज भरावा म्हणून. त्यात बाळाच्या नावापुढे 'अबक' असं लिहिलेलं होतं. लोकांनी तो इतका मन लावून बघितला की आमच्या नोंदवहीत आज 'अबक' नावाची तीन मुलं आहेत. (त्यांतला एक वर्गात पहिला येतो असं ऐकते.) म्हणून मी रुजू झाल्यावर मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, जरा खरा वाटेल असा नमुना भरा."

खरा वाटेल, पण खरा नसेल, असा अर्ज भरायला मला चार दिवस लागले. कुणाच्या खऱ्या मुलीचं नाव घातलं तर त्या बिचारीच्या नावावर खोटा कागद तयार होणार. म्हणून मी साठ वर्षांच्या नोंदवह्या चाळल्या आणि एकाही पानावर नसलेलं एक नाव जुळवलं. तीन अक्षरांचं, तोंडात सहज बसणारं, कुठून सुचलं कोण जाणे. (ते मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईल.) तारखेचंही तेच. कुठलीही तारीख काढावी, तर त्या दिवशी कुणी ना कुणी जन्मलेलं असतंच. शेवटी सत्तावीस वर्षांपूर्वीचा एक दिवस सापडला, ज्या दिवशी अख्ख्या शहरात एकही जन्म नोंदलेला नाही. आदल्या दिवसाच्या शेवटच्या नोंदीखाली एक रिकामी ओळ आहे आणि मग दुसरा दिवस सुरू होतो. ती ओळ बघून मला गच्च भरलेल्या बसमध्ये बसायला जागा मिळावी तसं हायसं वाटलं. राहिले आईबाप. खोटं लिहायचंच तर घरच्यांच्या नावावर लिहावं, परक्यांना कशाला तोशीस, असा विचार करून मी आपल्याच आईबाबांची नावं आणि आपल्याच घराचा पत्ता घातला.

परवानगी अर्थातच घेतली. बाबांना विचारलं, तर ते उठून सायकलमध्ये हवा भरायला गेले (हवा भरलेलीच होती). आईला म्हटलं, "कागदावर तुला आणखी एक मुलगी होणार आहे, चालेल ना?" ती पातेलं घासत होती. म्हणाली, "जन्म कधीचा लिहिलास?" मी तारीख सांगितली. त्यावर ती तेच पातेलं बराच वेळ घासत राहिली, मग म्हणाली, "लिही." नाव काय ठेवलं, ते मात्र तिने विचारलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं. नावात तिने काही खोट काढली असती, तर पुन्हा साठ वर्षं चाळायची माझी तयारी नव्हती.

नमुना भिंतीवर लागला आणि महिन्याभरात त्या नावाच्या दोन मुली आल्या. हे मी धरून चालले होते. 'अबक' खपतं तिथे हे का खपू नये? पण पुढच्या महिन्यात पाच आल्या, मग नऊ, आणि वर्ष संपता संपता आकडा एक्केचाळीसवर गेला. आमचं खातं दरवर्षी मुलींच्या नावांची एक पुस्तिका काढतं. कुठलं नाव किती चाललं, कुठून आलं, अर्थ काय, असे तीन रकाने असतात. ते काम यंदा साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. 'किती'च्या रकान्यात आमचं नाव पहिल्या नंबरावर, आणि पुढचे दोन रकाने कोरे. 'कुठून'मध्ये 'कारकुनाच्या डोक्यातून' असं छापता येत नाही. म्हणून मी एका निवृत्त भाषाशिक्षकांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून नाव दोनदा पुटपुटलं आणि तीन अर्थ सांगितले: दिव्याची वात, नदीचं वळण आणि उशिरा पिकणारं फळ. तिन्ही सारख्याच खात्रीने. यांतला बरोबर कुठला, असं विचारल्यावर म्हणाले, "तुम्हाला कुठला हवाय?" घरी येऊन मी आईला नुसतंच विचारलं की नावाला अर्थ असावा का गं. ती म्हणाली, "हाक मारली की यावं. आणखी काय अर्थ असतो नावाला?" हा अर्थ पुस्तिकेत बसेना.

मग मी त्या नावाचा दाखला न्यायला खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, नाव कुठे बघितलंत? सगळे भिंतीकडे बोट दाखवतील आणि मी मनातल्या मनात माफी मागून मोकळी होईन, असा अंदाज होता. पण एक टॅक्सीवाला म्हणाला, "बघितलं कुठे, ऐकलं. दुपारी आमच्या गल्लीत एक बाई हाक मारत होती. पोरीला जेवायला बोलवत असेल. जरा चिडली होती." त्याच्या मागे दवाखान्यातली एक नर्स बाळ घेऊन उभी होती, तिने तर न विचारताच मान हलवली. "हो हो, चिडलेली. पण दमलेली नाही. रोजचीच सवय असावी तशी." आणि मग ती मुलगी आली का, हे मी प्रत्येकाला विचारलं. मुलगी कुणीच बघितली नव्हती. (काका, इथे मावशी काही बोलली का? बोलली असेल तर समासात टिपून ठेवा.)

मी घाबरून नमुना भिंतीवरून काढला. आता नियमाप्रमाणे रद्द कागदावर लाल शाईने 'रद्द' लिहायचं असतं, आणि माझ्या लाल पेनातली शाई संपली होती. दुसऱ्या कुणीही निळ्याने लिहिलं असतं. मी कागद टेबलावर ठेवला आणि उद्या नवं पेन आणू म्हणून घरी गेले. सकाळी शिपायाने टेबल आवरताना तो उचलून मंजुरीच्या ट्रेमध्ये ठेवला. टायपिस्टबाईंनी 'उशिरा नोंदणी' समजून टाइप केला, साहेबांनी न बघता सही केली, आणि मी लाल पेन घेऊन पोचेपर्यंत ती मुलगी त्या रिकाम्या ओळीत नीट बसली होती. ओळ तिला अगदी पुरली. साहेब हसले. म्हणाले, "घाबरता काय एवढ्या? समोर लिहा 'असा जन्म झालेला नाही', खाली सही करा, संपलं. पण महिनाअखेरच्या आत. तपासणीत सापडलं तर तुमची नोकरी जाईल आणि माझी बढती."

एक ओळ आणि एक सही. मी त्याच दिवशी करून टाकायला हवी होती. पण सही करायची म्हणजे आधी दोनदा वाचायचं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला वाटलं, हे मला नक्की माहीत आहे का? एवढ्यात रविवार आला. नोंद झाली की कागद आपोआप पुढच्या खात्यात जातो, त्यामुळे मतदारयादीवाला दारात उभा. त्याने माझं नाव वाचलं आणि खूण केली. मग तिचं वाचलं. घरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं, कारण मी ते कधीच घरी सांगितलं नव्हतं. त्याला सगळा घोटाळा कसा समजावून सांगावा याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "ती बाहेर गेलीय. जेवायला येईल." त्याने खूण केली आणि तो गेला. बाबा उठले आणि सायकलमध्ये हवा भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी डबा विसरले (मी डबा कधी विसरत नाही). गिऱ्हाइकांच्या शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं पोचवायला निघालेली आई तो द्यायला कचेरीत आली आणि दारातूनच तिने मला हाक मारली. माझ्याच नावाने, साधीच. खिडकीशी एका गवंड्याची बायको बाळाला घेऊन उभी होती, बेचाळिसावं बाळ. ती गर्रकन वळली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, हाच आवाज." मी डबा घेतला. संध्याकाळी घरी येऊन मापांची वही उघडली. तुला माहीतच आहे, आईला शिवता येतं पण लिहिता येत नाही, त्यामुळे आठ वर्षांची असल्यापासून मापं आणि पत्ते मीच लिहिते. बेचाळीस मुलींचे पत्ते मी वहीशी ताडून बघितले. एकोणचाळीस मुली ज्या गल्ल्यांतल्या, तिथे आई दुपारी कपडे पोचवायला जाते. उरलेल्या तीन कुठल्या हिशेबात धरायच्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वहीच्या शेवटी एक बिननावाचं पान आहे. त्यावर वर्षातून एकदा आई एक माप सांगते आणि मी लिहिते: खांदा, छाती, उंची. 'गिऱ्हाईक कोण?' असं मी लहानपणी विचारायची, तर म्हणायची, "तू नुसतं लिही." मला वाटायचं, कुणी लाजरी बाई असेल. त्या दिवशी सगळी मापं ओळीने वाचली. ती नेहमी माझ्या त्या वर्षीच्या मापापेक्षा दोनतीन बोटं जास्त आहेत, आणि गेली सात वर्षं बदललेली नाहीत. वाढ पुरी झाली असावी.

तर असं आहे. लाल पेन भरलेलं आहे, कचेरीत नोंदवही उघडी आहे, आणि महिनाअखेरीला अकरा दिवस उरलेत. 'असा जन्म झालेला नाही' असं लिहून सही केली आणि ते खोटं निघालं, तर माझ्या सहीखालचं ते पहिलं खोटं असेल. नाही केली तर नोकरी जाईल. पिशवीची काळजी करू नकोस. गुडघ्याला शेक दे.

तुझी भाची

ता. क. मावशी, मी जन्मायच्या आधी तू महिनाभर आईजवळ येऊन राहिली होतीस, असं तू एकदा बोलता बोलता म्हणाली होतीस. कशासाठी, असं मी विचारल्यावर तू प्यायला पाणी मागितलं होतंस. या वेळी पाणी आधीच जवळ घेऊन बस आणि सांग. मला एवढंच हवं आहे. मुलगी होती असं म्हणालीस, तर ती ओळ मी खोडणार नाही, मग साहेबांना काय करायचं ते करू देत.

ता. क. २. (काका, हे कंसातच वाचा. पाकिटात एक घडी घातलेली चिठ्ठी आहे. तिच्यात ते नाव आहे आणि ती तारीख. मावशीला समोर बसवा आणि एकदाच, हळू वाचा. ती जे बोलेल ते कळवू नका, ती 'मला नाही बाई आठवत' असंच म्हणणार. चेहरा कसा झाला, तेवढं लिहा. आणि वाचताना दार लावून घ्या. तुमच्या सुनेला सातवा महिना आहे असं कळलं.)

ता. क. ३. पाकीट बंद करत होते, तेव्हा आईने विचारलं, "कुणाला लिहितेयस?" मावशीला, म्हटलं. म्हणाली, "दोघींचा नमस्कार लिही." म्हणून मी 'आईचा आणि माझा नमस्कार' असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तर म्हणाली, "तुम्हा दोघींचा गं. माझा वेगळा लिही."