लग्नामुळे रद्द झालेल्या मृत्युपत्रानंतरचे दुसरे

मी, इनास बस्त्याव तुस्कानो, वय वर्षे एकतीस, धर्म ख्रिस्ती कॅथलिक, धंदा फिटर, मोरिवलीच्या कारखान्यात कायम नोकरी, राहणार तळमजला, मांजर्ली, बदलापूर पश्चिम, लिहून ठेवतो की माझे डोके पूर्ण ठिकाणावर आहे. मान तेवढी नाही. मानेत डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ आली होती, ती औषधांनी गेली. आता गेल्या महिन्यात उजव्या बाजूला तिची बहीण राहायला आली आहे. सोमवारपासून पुन्हा सलाईन सुरू. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण घरची कामं उरकून घ्या." यातला पहिला भाग त्यांनी कशासाठी म्हटला ते मला अजून कळलेले नाही. म्हणून हे मृत्युपत्र, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि बायकोचा कडक विरोध असताना.

माझी पत्नी सौ. नातालीन, अंबरनाथच्या एका शाळेत शिक्षिका, हिने हे वाचणार नाही असे जाहीर केले आहे. "तू लिही, हजार वेळा लिही. मी हात लावणार नाही." मी यातली बरीच कलमे घरी लिहून आणली. आज ती माझ्याबरोबर उल्हासनगरला वकिलांच्या ऑफिसपर्यंत आली, पण जिना न चढता खाली चिंतामणी यांच्या कापडाच्या दुकानात बसली आहे. मला सध्या या जगात एवढेच हवे आहे की तिने हे मी जिवंत असताना वाचावे. नंतर वाचले तर तिला माझ्यावर ओरडता येणार नाही, आणि ते तिच्या तब्येतीला चालणार नाही.

कलम १. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रद्द केलेले नाही. नातालीनने केले, माझ्याशी लग्न करून. गेल्या वर्षी मे महिन्यात चर्चमध्ये आमच्या लग्नाची पहिली घोषणा झाली आणि त्याच आठवड्यात गाठीचा रिपोर्ट आला. तीन रविवार घोषणा व्हायच्या असतात. कोणाची हरकत असेल तर त्याने सांगावी म्हणून. मी स्वतःच हरकत घ्यायचे ठरवले. तिला मोकळे करतो असे पत्र लिहिले, सोबत फ्लॅट तिच्या नावे करणारे मृत्युपत्र जोडले आणि दोन्ही तिच्या घरी नेऊन दिले. तिने वाचले, माझ्यासमोर चहा ठेवला आणि चप्पल घालून फादरकडे गेली. "उरलेले दोन रविवार वाचा, फादर. कोणाची हरकत आली तर माझ्याकडे पाठवा. तो स्वतः आला तरी."

लग्नानंतर वकील हसानंद मंघनानी यांनी ते मृत्युपत्र पाहिले आणि हसू लागले. "इनासभाई, तुमच्या लोकांमध्ये शादी झाली की आधीचा विल कॅन्सल. कायदाच तसा आहे. फुकट स्टँपपेपर घालवला." असो.

कलम २. मांजर्लीचा फ्लॅट, त्यात पावसाळ्यात न बोलावता येणाऱ्या नदीसकट, माझ्या पश्चात संपूर्णपणे नातालीनचा. माझा थोरला भाऊ पास्कू याने वकिलांच्या कानाला लागून पहिल्या मसुद्यात "तिने पुनर्विवाह न केल्यास" असे शब्द घुसवले होते. ते मी खोडले. पास्कू आमच्याकडे एकदाच पुरात आला होता आणि पलंगावर उभा राहून "हे घर कोणी घेतलं?" असे विचारत होता, त्याला आता या घराची एवढी काळजी लागली आहे. पण खोडल्यावर भांडण पास्कूशी झाले नाही, नातालीनशी झाले. मी तिला तोंडी सांगायला गेलो, तिथे चुकले.

"म्हणजे तुला वाटतं, मी करीन?"

"नाही."

"मग खोडलंस कशाला?"

"उद्या करावंसं वाटलं तर?"

"म्हणजे वाटतंच तुला!"

या चर्चेत आमची रविवारची मिस्सा बुडाली. फादरांनी कारण विचारले तेव्हा नातालीन म्हणाली, "हा माझं दुसरं लग्न लावत होता."

कलम ३. तरीही. नातालीनचा जो कोणी पुढचा नवरा होईल त्याच्या माहितीसाठी: चहाचा पहिला कप संपेपर्यंत तिच्याशी बोलू नये. बोंबील ती उत्तम तळते, पण चांगले झाले का असे विचारते तेव्हा "हो" पुरत नाही, दोन वाक्ये लागतात. तिचे पाय थंडीत बर्फ असतात आणि ते ती कोणाच्या पोटऱ्यांना लावायचे हे विचारत नाही. माझ्या पँटी त्याला लांब होतील, त्याने त्या घालू नयेत. त्याची उंची मी माझ्यापेक्षा कमी धरली आहे, तो माझा हक्क आहे.

कलम ४. माझी सर्व हत्यारे, कानसी, पाने व व्हर्निअर, कारखान्यातला माझा मित्र धोंडिबा कांबळे यास. व्हर्निअर पितळी नाही, स्टीलचा आहे, त्याने मी गाठ मोजत असे. आधी दर रविवारी, मग रोज, मग जेवणाआधी आणि जेवणानंतर. आकडे डॉक्टरांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "अहो, ही मान आहे, बेअरिंग नाही. दाबून दाबून तुम्हीच सुजवली आहे." त्या दिवसापासून व्हर्निअर घरातून नाहीसा झाला. तो तांदळाच्या डब्यात तळाशी आहे. मला माहीत आहे हे नातालीनला माहीत नाही, कृपया धोंडिबाने हळूच काढावा.

कलम ५. किरकोळ वस्तू. माझा कंगवा नातालीनचा भाऊ सिमांव यास. औषधांनी माझे केस गेले तेव्हा तो घरी येऊन मनसोक्त हसला होता. माझे परत आले. त्याचे टक्कल मात्र कायम आहे.

गॅलरीतले गव्हांकुरांचे डबे वरच्या मजल्यावरच्या मालिनीताईंना परत. त्या रोज सकाळी हिरवा रस घेऊन येतात आणि पेला रिकामा होईपर्यंत दारात उभ्या राहतात. त्यांच्यामुळे रक्त वाढले की नाही देव जाणे, पण मला गवताची चव सांगता येते. ताई, मनापासून आभार. आता पुरे.

सासूबाईंना माझी छत्री. त्यांनी बांद्र्याच्या जत्रेत माझ्यासाठी नवस केला. तिथे आजारी अवयव मेणाचा करून मातेला वाहतात. विकणाऱ्याकडे हात, पाय, डोळे, सगळे होते, मान नव्हती. तो म्हणाला, "मावशी, मुंडी घ्या, मान त्यातच येते." मान नक्की कुठे संपते यावर सासूबाईंनी त्याच्याशी हुज्जत घातली आणि शेवटी अख्खा माणूस घेतला. गाठ पुन्हा आल्याचे कळल्यावर पहिले वाक्य त्यांचेच: "मुंडीच घ्यायला हवी होती." नंतर त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मी ऐकले.

कलम ६. मातीच्या वेळी बँड लावू नये. पेटीला खांदा देताना धोंडिबाला पुढे घ्यावे. तो बुटका आहे, त्यामुळे पुढे उतार होईल, पण मला गाडीतसुद्धा पुढे कलून बसायची सवय आहे. तो बौद्ध आहे, चर्चमध्ये काय करायचे असे विचारत होता. सगळे उभे राहिले की उभे राहायचे, एवढे पुरे. मीही तेच करतो.

कलम ७. साक्षीदारांविषयी. मंघनानी वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळते त्याने साक्षीची सही करायची नाही, केली तर त्याचे गेले. त्याच्या बायकोचेही गेले. म्हणून धोंडिबा, सिमांव आणि मालिनीताई बाद. मला असा माणूस हवा होता ज्याला काहीच मिळत नाही. मी पास्कूला निरोप पाठवला. तो इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी आला आहे आणि माझ्या शेजारी बसून फार प्रेमाने वागतो आहे.

कलम ८. हे कलम माझ्या मनात नव्हते. वरचे सगळे वाचून वकिलांनी चष्मा काढला आणि विचारले, "एक पॉइंट राहिला. वाईफ तुमच्या आधी एक्सपायर झाली तर? फ्लॅट कोणाला?"

मी हसलो. म्हटले, वकीलसाहेब, आजारी मी आहे. ते म्हणाले, "तरी लिहायला लागतं. अ‍ॅक्सिडेंट होतो, काही होतं. लिहा ना, त्यात काय आहे?"

मी पेन टेकवले. नातालीन माझ्या आधी गेल्यास. एवढे लिहिले. मग मला मांजर्लीचे घर दिसले, सकाळचे, आणि चहाचा एकच कप. घर कोणाला हा प्रश्नच उरला नाही. वकिलांनी पाणी मागवले. पास्कू म्हणाला, "माझं नाव टाक, त्यात विचार काय करायचा?" पुढे मला लिहिता येईना. लग्नानंतर मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली, आणि ती मरणाची नव्हती.

वकिलांनी खाली माणूस पाठवला. नातालीन वर आली, दुसऱ्या साक्षीसाठी चिंतामणीही मागोमाग आले. तिने माझ्या हाताखालचा कागद ओढून ती अर्धी ओळ वाचली.

"पुढे का नाही लिहिलंस?"

"सुचत नाही."

"कधीपासून बसलायस?"

"अर्धा तास झाला असेल."

ती म्हणाली, "मला दीड वर्ष झालं."

मग तिने खुर्ची ओढली आणि हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून वाचले. कंगव्याला हसली. कलम २ राहू दिले. कलम ३ तिने आपल्या पेनने आडवे खोडले. वाचता येते, पण रद्द समजावे, त्या खोडाखोडीवर माझी आणि साक्षीदारांची सही आहे. कलम ८ चा मजकूर अपुरा आहे. तो तसाच ठेवावा. नंतर कोणी काही भरू नये म्हणून पुढच्या कोऱ्या जागेत वकिलांनी रेघ मारली आहे.

वरील सर्व मी राजीखुशीने लिहिले, माझ्या पत्नीने ते वाचले आहे, आणि आम्ही दोघे आता घरी जात आहोत.

सही: इनास बस्त्याव तुस्कानो

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. पास्कू बस्त्याव तुस्कानो, राहणार वसई
२. चिंतामणी विष्णुपंत गोखले, कापड दुकानदार, उल्हासनगर

स्थळ: उल्हासनगर
तारीख: १४ नोव्हेंबर १९९१