डाव्या कानामागचा भोवरा

३ जून
पोरगा सैन्याच्या ट्रेनिंगला गेला. मी रडलो नाही. डोळ्यात बारीक केस गेला होता. सलूनच्या धंद्यात जातोच. निघताना म्हटलं, बस खुर्चीत, नीट कापून देतो. म्हणाला, तिथे कापतातच. एकोणीस वर्षं या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नाही. असो. आपण मनाला लावून घेणारे नाही.

११ जून, सकाळी
फोटो आला. साठ पोरं, साठ तासलेली डोकी. हिने आपला एका नजरेत ओळखला. मला दोन मिनिटं लागली, चष्मा जुना झालाय. कॅम्पच्या न्हाव्याने तासाभरात साठ डोकी उरकली म्हणे. उरकली! पोराच्या डाव्या कानामागे भोवरा आहे, तिथे मशीन उलटं फिरवायचं असतं. त्या गाढवाने सरळ फिरवलंय. भिंग लावून हिला दाखवलं. म्हणाली, काय रुबाबदार दिसतोय हो!

१९ जून
फोटो मोठा करून हिने दुकानात आरशावर लावला. तिथे माझं स्पर्धेतलं तिसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट होतं. ते आता टॉवेलच्या कपाटात. माझ्याही मनात तेच होतं.

२६ जून
तीन गिऱ्हाइकांनी 'फोटोतल्यासारखा' कट मागितला. म्हणजे त्या न्हाव्यासारखा, माझ्या हातून! दिला. पेपरवाला म्हणाला, तो ओरिजिनल रुबाब नाही आला.

२ जुलै
पोराचा फोन. पहाटे चारला उठतो, अंथरूण स्वतः आवरतो. याच अंथरुणासाठी मी एकोणीस वर्षं घसा फोडला. सहज न्हाव्याची चौकशी केली. फार मजेशीर माणूस म्हणे, सगळे त्याला काका म्हणतात. काका! हा माझा भाऊ कधी झाला?
निश्चय: उद्यापासून मीही चारला उठणार.

३ जुलै, साडेनऊ
गजराचा आवाज फार बारीक आहे.

५ जुलै
न्हाव्याला पत्र टाकलं. धंद्यातला सल्ला, बाकी काही नाही. भोवऱ्याची आकृती, बाण वगैरे. शेवटी लिहिलं, पोरगा झोपाळू आहे, खुर्चीत मान पडते, तेव्हा हनुवटीला हलका हात द्यावा.

२० जुलै
पोराचा फोन. पत्र आधी कवायत घेणाऱ्या उस्तादांच्या हाती पडलं. त्यांनी ते परेडवर मोठ्याने वाचलं. पोराला पन्नास पुशअप्स. आता सगळे त्याला 'भोवरा' म्हणतात. मी म्हटलं, चला, नाव तर झालं! त्याने फोन ठेवला. त्यांना तीनच मिनिटं देतात. अर्धंच मिनिट झालं होतं, पण तिकडची घड्याळं वेगळी असतील.

१८ ऑगस्ट
हल्ली तो हिच्याच फोनवर बोलतो. मला दुकानात गडबड असते ना. ही गल्लीभर सांगत फिरते, पोरगा कसा सुधारला. कुणी सुधारला? आज खरं लिहितो. जळतोय मी. उस्तादावर, त्या काकावर, साठच्या साठ पोरांवर. पोरगा माझ्याशी बोलत नाही.

३० ऑगस्ट
रजेवर येतोय! ठरलं. आला की थेट खुर्चीत. कात्रीला धार लावली, अंगावर टाकायचं कापड नवं आणलं. परवा सकाळी दुसरं गिऱ्हाईक घेणार नाही. डोकं बघून तो न्हावी तोंडात बोट घालेल.

१ सप्टेंबर
आला. खांदे दारात मावेनात. सगळी गल्ली गोळा झाली. मी खुर्ची फिरवून उभा. त्याने टोपी काढली. म्हणाला, बाबा, रजेवर सोडायच्या आधी तिथेच कापतात.
कापायला काही नव्हतंच. डाव्या कानामागे पाहिलं. भोवरा उलटं मशीन फिरवून काढलेला, साफ. मला इतका कधी जमला नाही. म्हणाला, काकांनी तुमचं पत्र आरशाला चिकटवलंय, ते बघूनच माझे कापतात.
मग आपणहून खुर्चीत बसला. मी कापड टाकलं आणि हवेत नुसती कात्री वाजवत राहिलो. पाच मिनिटांत त्याची मान पडली. हनुवटीला हात दिला.
हिने आतून विचारलं, झालं का हो? जेवण गार होतंय.
म्हटलं, थांब जरा, केस फार वाढलेत.