तुक्र नलिके यांचे गग्गर आणि जुन्या बँकेचे दार

मी, अश्विता तुक्र नलिके, वय सत्तावीस, राहणार कडंदपेटे, जिल्हा उडुपी, काम गावच्या इतिहास-संग्रहालयाची देखभाल, हे मृत्युपत्र पूर्ण विचार करून माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट अम्मा म्हणते, असले कागद लिहून संकटाला घरचा पत्ता देऊ नये. येत्या बुधवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, आमचे हे रोजचेच काम. त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि मृत्युपत्र लिहिणारीही पहिलीच. आजवर आमच्याकडे जे होते ते न लिहिताच पुढे जात आले.

१. राहते घर अम्माच्या नावावर आहे, त्याबद्दल मी काही लिहिण्याचा प्रश्न नाही. बँकेतली माझी शिल्लक अम्माला मिळावी. त्यानंतर तिने विड्या वळणे सोडावे. ती सोडणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते.

२. माझी स्कूटर चुलतबहीण निश्मिताला द्यावी. ती तिला नर्सिंग कॉलेजला जाण्यासाठी आहे. तिच्या लग्नाच्या बोलणीत ही स्कूटर कोणी मोजू नये.

३. माझी इतिहासाची पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावीत, संग्रहालयाला नव्हे. संग्रहालयात ती कोणीतरी काचेत ठेवील.

४. अप्पांचे गग्गर. हे कलम लांब आहे, कारण मृत्युपत्र मुख्यतः यासाठीच आहे.

दैव म्हणजे आमच्याकडे गावचा राखणदार देव, आणि त्याला अंगात घेऊन रात्रभर नाचायचे तो कोल. गग्गर म्हणजे कोल नाचताना पायात घालायचे पोकळ काशाचे वाळे. आत खडे असतात, पाऊल पडले की वाजतात. अप्पा तीस-पस्तीस वर्षे आमच्या गावच्या दैवाचा कोल करत. कोल गावच्या जुन्या जमीनदारांच्या, बल्लाळांच्या, अंगणात होतो. गग्गर बांधण्यापूर्वी नाचणारा जमलेल्या मोठ्या माणसांची परवानगी मागतो, आणि बल्लाळांनी मान हलवल्याशिवाय बांधत नाही. एकदा बांधले की मग तो दैव. बल्लाळ हात जोडून उभे राहतात, आणि दैव त्यांना चार शब्द सुनावते तेही ऐकून घेतात.

दैवाचा चांदीचा मुखवटा तेव्हा पेठेतल्या बँकेच्या तिजोरीच्या खोलीत असे. कोलाच्या दिवशी तो आणायला बल्लाळ आणि मॅनेजर आत जात. ज्यांच्या तोंडावर तो चढायचा ते अप्पा बाहेर ओसरीवर थांबत. त्यांना कोणी अडवलेले मी पाहिले नाही. अडवण्याची वेळच येत नसे. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर होते आणि आत डोकवायला निघाले, तर त्यांनी माझी वेणी धरून मागे ओढले.

पुढे बँक मोठ्या बँकेत विलीन झाली, नव्या इमारतीत गेली, मुखवटा बल्लाळांच्या घरी गेला. जुनी इमारत संग्रहालयासाठी एका ट्रस्टकडे आली. श्री. जयराम बल्लाळ त्याचे अध्यक्ष. त्यांनी मला ही नोकरी दिली, आणि माझ्या एम. ए.ची फी भरली तेव्हा कोणाला कळू दिले नाही. ते भले गृहस्थ आहेत. म्हणूनच त्यांच्याविषयीची तक्रार मी बोलून न टाकता इथे लिहिते आहे.

गुडघे गेल्यावर अप्पांनी गग्गर मला दिले. आमच्या नलिके जातीत ते मुलीला देत नाहीत, पुतण्याला देतात, म्हणजे माझा चुलतभाऊ रक्षित याला. मी तसे म्हटले, तर अप्पा म्हणाले, "रक्षितला रिक्षा चालवू दे. रात्री सगळं गाव पाया पडतं गं, आणि सकाळी तेच गाव म्हणतं, तुक्रा, तिकडे बस. हे माझ्यापाशी थांबलं तर बरं."

मी ते संग्रहालयात आणले. कॅशियरच्या जाळीच्या पिंजऱ्यामागे, तिजोरीच्या खोलीत, काचेच्या पेटीत ठेवले. मला वाटले, ज्या दारातून अप्पा गेले नाहीत त्या दारातून निदान त्यांचे गग्गर आत जातील. पेटीवरची पाटी बल्लाळांनी तयार करून आणली. तिच्यावर 'अनाम लोकनर्तकाचे गग्गर' असे होते. मी विचारले, अनाम कसे? ते म्हणाले, "तुक्र हे काय नाव झालं, पोरी? शुक्रवारी जन्मला म्हणून तुक्र. शहरातल्या लोकांना काय कळणार?" मी म्हटले, बल्लाळ हे तरी घराण्याचेच नाव आहे. ते हसले. पाटी तशीच राहिली. उद्घाटनाला अप्पा आले, पाटीपर्यंत पोचलेच नाहीत, ओसरीवरच बसून राहिले. दोन महिन्यांनी गेले.

रक्षितने रिक्षा चालवली आणि कोलही सुरू केला. दुसऱ्या गावाहून मागून आणलेले गग्गर घालतो, ते त्याला सैल होतात. गेल्या फेब्रुवारीत घोट्याची कातडी सोलून तो संग्रहालयात आला, पेटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, माझे पायपण ठेव ना काचेत. नाहीतरी पाटीवर नाव लागणार नाहीच."

मी त्याला अप्पांची इच्छा सांगितली. तो म्हणाला, "काकांना नाच नको नव्हता. सकाळ नको होती." अम्माला विचारले, तर ती विडीचे पान कापत म्हणाली की पोरगा बरोबर बोलला. अप्पा शेवटच्या तापातही पायाने ताल धरत होते, हे तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितले.

बल्लाळांचे म्हणणे, आत आलेली वस्तू ट्रस्टची. मी स्पष्ट लिहिते की गग्गर मी फक्त ठेवायला दिले होते, दान केलेले नाहीत. ते माझे आहेत, आणि त्यांची व्यवस्था अशी:

(अ) गग्गर आजपासून रक्षित गुरुव नलिके याचे. मी वाचले तरीही हे बदलणार नाही.

(आ) एरवी वर्षभर ते संग्रहालयात राहतील. पेटीची किल्ली रक्षितकडे राहील. कोलासाठी तो ते नेईल तेव्हा पेटी रिकामी राहू द्यावी, तिथे दुसरे काही मांडू नये.

(इ) पाटीवर 'तुक्र नलिके यांचे गग्गर' असे लिहावे.

(ई) कोलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षित गग्गर परत आणील. तो ओसरीवर थांबणार नाही. रात्री ज्यांनी त्याच्यासमोर हात जोडले, त्या बल्लाळांनी स्वतः संग्रहालयाचे पुढचे दार उघडून त्याला आत न्यावे. शिपायाला पाठवू नये. बल्लाळांच्या घरी वारसा बहिणीच्या मुलाकडे जातो, तेव्हा त्यांच्यामागे हे त्यांच्या भाच्याने करावे.

(उ) एक सकाळ जरी हे झाले नाही, तरी गग्गर रक्षितने कायमचे घरी न्यावेत. मग संग्रहालयाने रिकामी पेटी ठेवावी आणि पाटीवर हे कलम पूर्ण छापावे.

मला हे संग्रहालय बंद पडायला नको आहे. त्यात गावातली सगळी माणसे यावीत, एवढ्यासाठीच मी तिथे रोज काचा पुसल्या.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या प्राध्यापिका फ्लेव्हिया लोबो यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. मला लिहिताना रडू आले नाही, असेही कोणी विचारल्यास त्यांनी सांगावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझा आहे.

स्थळ: कडंदपेटे
दिनांक: ४ नोव्हेंबर २०२३

(सही) अश्विता तुक्र नलिके

साक्षीदार:

१. (सही) सुमती आचार्य, शिक्षिका, कडंदपेटे. अश्विताने माझ्यासमोर सही केली.

२. (सही) जयराम बल्लाळ, कडंदपेटे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण हिने वाचायला लावला. पाटी उद्या बदलतो. मी आहे तोवर दार मी उघडीन. भाच्याच्या वतीने मला लिहून देता येत नाही, त्याला घेऊन येतो, त्याच्याशी हिनेच बोलावे. त्यासाठी बुधवारनंतर हिने घरी परत यावे.