काल रात्री कोण कुठे झोपलं

१२ मे, सोमवार
आज नववीला तो धडा सुरू केला. ऑस्ट्रेलिया सरकारची माणसं गाड्या घेऊन आमच्या आदिवासी वस्त्यांवर यायची आणि पोरं उचलून न्यायची, तो. पुस्तकात दोन परिच्छेद — संपलं. वर्गात निम्मी पोरं आमची, निम्मी गोऱ्यांची. आमच्यातला टायरेल म्हणाला, "मिस, हे माझी आजी, नॅन, रोज सांगते. तेही परीक्षा न घेता." सगळे हसले. मीही हसले. पण यांना हे नुसतं माहीत असून काय उपयोग? टोचलं पाहिजे.

१३ मे
झोप नाही. एक सुचलंय. घर म्हणजे काय, इथूनच सुरू करायचं. आमच्यात मूल एका घराचं नसतंच. आज नॅनकडे, उद्या मावशीकडे, जिथे चूल तापली असेल तिथे. तेच बघून साहेब लिहायचे — मूल बेवारशी. हे पोरांच्याच तोंडून यायला हवं!

१५ मे, गुरुवार
विचारलं, "काल रात्री कोण कुठे झोपलं?" मागच्या बाकावर उपमुख्याध्यापिका हॅलोरनबाई होत्या, माझा तास बघायला.

गोऱ्यांची पोरं बडबडली. आमची गप्प. टायरेलला उभं केलं. "घरी. आई होती. फ्रीज भरलेला आहे." त्याच्या शेजारची मुलगीही तेच म्हणाली, शब्द न् शब्द तेच. मला राग आला. किती साधं विचारते मी!

मग कियार्ना उठली. मला खूश करायला सदा तयार. "सोमवारी नॅनकडे. मग टीनामावशीकडे, एका गादीवर आम्ही पाच जणी, मावशीची लाथ लागते. काल परत नॅनकडे. आई तिकडे डब्बो शहरात असते." मी टाळ्या वाजवल्या. हॅलोरनबाई म्हणाल्या, छान तास.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, थांबली.
"शाळेच्या माणसांसमोर विचारलंस?"
"अगं, शिकवायला —"
"कुणी विचारलं तर फ्रीज भरलाय म्हणायचं, नाहीतर पोरं नेतात, हे तुलाही मीच पढवलं होतं. शिकलीस आणि विसरलीस?"
आणि परत बटाटे सोलू लागली.

१६ मे
हॅलोरनबाई — "कियार्नाची आई जवळ नाही, पोरगी आज इथे तर उद्या तिथे झोपते. बालकल्याण खात्याला कायद्याने कळवावंच लागतं. मी कळवलंय." मी म्हटलं, ते एकच घर आहे, छपरं वेगळी. "तू भावनेच्या भरात बोलतेयस."

१८ मे, रविवार
कियार्नाच्या नॅनकडे गेले. मर्ल. माझ्या आईची चुलत बहीण, म्हणजे पोरगी माझी भाचीच. दार उघडलं, चहा विचारला नाही. नात्यात आजवर असं झालेलं नाही.
"मला नेलं तेव्हा मी कियार्नाहून लहान होते," ती म्हणाली. "पण तेव्हा सांगणारे परके होते."
मी म्हटलं, मी थांबवते.
"थांबव ना. पदवी आहे तुझ्याकडे."

२० मे
खात्याला सारखे फोन. "तपास चालू आहे." वर्गात कियार्ना नाही. टायरेल म्हणाला, "मिस, आज कुणाला उभं करणार?"
धडा घेतला नाही.

२२ मे
खात्याची बाई घरी आली. आवाज मऊ. मर्लचं वय झालं, घरात गर्दी फार, पोरगी तिथे राहणार नाही — ते ठरलंय. नात्यातलं मंजूर घर मिळालं तर उत्तम. "तुम्ही पदवीधर, नोकरी पक्की, एक खोली रिकामी. तुम्ही नाही म्हणालात तर सिडनीत अनोळखी घर बघावं लागेल."
मी आईकडे पाहिलं. "हो म्हण," आई म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

२३ मे, शुक्रवार
मर्ल फाटकाशी उभी होती. कियार्ना मागच्या सीटवर बसली, काच वर केली.
गाडी मी चालवत होते.