प्रागला जाणाऱ्या मेघालीस

नारपोली, भिवंडी
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

चि. मेघाली,

तुला आणि होणाऱ्या जावईबापूंना आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या हळदीला कुठली साडी नेसावी यावर तुझी काकू तीन दिवस विचार करते आहे. आणि मी, तिथे यावं की नाही यावर.

तुझ्या लग्नाची पत्रिका काल मिळाली. आपल्या वडप्याहून इथे नारपोलीला, एवढ्याशा अंतरावर, कुरिअरने. गाव गोडाऊनचं झालं त्याचा एवढा तरी फायदा. लिफाफ्यावर 'श्री. केसरीनाथ भोईर, सहकुटुंब'. आपल्यात सख्खा काका पत्रिका वाटत फिरतो, त्याला कुणी पत्रिका देत नाही. तुझ्या आत्याच्या लग्नात मानकोलीपर्यंतची गावं मीच केली होती.

फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. मधुचंद्राला प्रागमध्ये इतरांना ठाऊक नसलेलं काय बघायचं, आणि माझं नाव निघालं की बाबा उठून का जातात. पहिलं सोपं आहे. ते आधी लिहितो.

मेट्रोचं कागदी तिकीट घेतलंत तर ते पिवळ्या पेटीत घालून शिक्का मारून घ्या, नुसतं खिशात ठेवून चालत नाही. रस्त्यावर कुणी पैसे बदलून देतो म्हणाला तर त्याच्याकडे बघूही नका. जुन्या घड्याळाखाली तासाच्या ठोक्याला सगळं जग माना वर करून उभं असतं. एकदा बघा आणि सुटा. मोठ्या पुलावर पहाटे जा, नंतर तिथे पुतळ्यांपेक्षा फोन जास्त. वालेनश्टाइनच्या बागेत मोर मोकळे हिंडतात, तिकीट नाही. किल्ल्याच्या मागे 'नोवी स्वेत' म्हणून एक गल्ली आहे, ठेंगणी घरं, कुणी फिरकत नाही. हॉटेलात न मागता पाव ठेवला तर आधी विचारा, बिलात लागू शकतो. आम्ही दोघं टूरने गेलो तेव्हा दौलतदादाने, तुझ्या बाबांनी, चार खाल्ले होते.

आणि व्हिशेहराद. नदीकाठचा उंच गड, टूरवाले सहसा नेत नाहीत. आमच्या टूरची गाईड नेत्रा हिने मोकळा वेळ दिला तेव्हा दादाला मीच तिथे नेलं. तिथे एक गोल दगडी चर्च आहे, हजारेक वर्षांचं, आपल्या गावदेवीच्या देवळापेक्षा थोडंसं मोठं. ते बहुतेक बंदच असतं.

इथपर्यंतचं पत्र दोन दिवसांपूर्वीच लिहून झालं होतं, मेघाली. पुढचं आज लिहितोय.

दादाने त्या बंद दारापुढे बूट काढले. मोजेही काढले, घडी करून बुटात ठेवले आणि थंडगार फरशीवर हात जोडून उभा राहिला. देवाचं दार आहे, मग ते बंद असो की परक्याचं, त्याला काय फरक पडतो? मी दहा पावलं मागे होतो. तिथे डोंबिवलीची चार-पाच मंडळी भेटली होती, त्यातल्या एका बाईंनी माझं साप्ताहिकातलं सदर वाचलेलं. मी फुगलो होतो. गडाचा इतिहास सांगत होतो, पाटीवरचाच, पण माझा असल्यासारखा.

त्या बाई म्हणाल्या, "अय्या, ते बघा, अनवाणी. तुमच्यातले का हो?"

मी म्हणालो, "छे, टूरमधले आहेत. वडप्याचे कुणीतरी. शेतावर गोडाऊन आलं की माणूस थेट युरोपात."

ते हसले. मला हशा कमी वाटला म्हणून मी पुढे म्हणालो, "आता नारळ कुठे फोडायचा ते विचारतील."

दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. गावातल्या बंगल्यांवरचे सिंह, गळ्यातल्या साखळ्या, लोकांचा दिखाऊपणा, यावर मी वीस वर्षं लिहितो आहे. आणि मानकोलीचा पूल ओलांडला की डोंबिवलीत ज्यांची घरं, त्यांच्यासमोर सख्ख्या भावाची लाज वाटायला मी प्रागपर्यंत गेलो. तेही ज्याने मला हौसेने सोबत नेलं, त्याच्यासोबत.

दादाने ऐकलं का, हे मला कळेना. तो बूट घालून आला आणि म्हणाला, "चल, बस निघंल." संध्याकाळी जेवायला नेत्राने विचारलं, "काका, तुम्ही दोघं भाऊ एका टेबलावर बसणार ना?"

दादा म्हणाला, "न्हाय. ते येगळे हायत. टूरमधले."

त्यानंतरचे चार दिवस तो माझ्याशी अगदी नीट वागला. परक्याशी वागतात तसा. भिवंडीला आल्यावर मी दोनदा फोन केला आणि हवापाण्याचं बोललो. माफीचं वाक्य मला जमलं नाही. टोमणा पटकन जमतो.

बाबांना यातलं तू काही सांगू नकोस. माझी वकिली तर मुळीच करू नकोस. रविवारी सकाळी मी वडप्याला येतोय. ओट्यावर त्याची मित्रमंडळी बसलेली असतील, अनंता, देवराम, सगळे. तेव्हाच येईन. त्याला नाकारलं ते चार माणसांत, तर एकट्यात पाय धरून मोकळा होणं म्हणजे पुन्हा चलाखीच. मी काय बोललो ते, नारळासकट, त्यांच्यासमोर सांगेन. हसायचं त्यांनी हसावं, या वेळी माझ्यावर.

मग दादा म्हणाला तर मांडवाचे बांबू धरेन. नाहीच म्हणाला तर तुझ्या काकूला हळदीला पाठवेन आणि मी घरी थांबेन. पाहुणा म्हणून मात्र मला येववणार नाही, पोरी.

तुम्ही दोघं त्या चर्चपाशी गेलात तर दार बंदच असेल. बूट काढा.

तुझा,
काका लिहावं की नाही हे रविवारी दादा ठरवेल, तोवर नुसता
केसरीनाथ