नववं मत आणि बाकीची मालमत्ता

मी, एल्डन जोसेफ नेमेचेक, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा गुरांचा डॉक्टर (आता निवृत्त), राहणार ४१२, एल्म स्ट्रीट, हॅडली फोर्क, मॅरो काउंटी, आपल्या राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही असं माझे वकील म्हणतात. मला कोणी धाक घातलेला नाही, आमिष दाखवलेलं नाही आणि सकाळपासून एक कप कॉफीपलीकडे माझ्या पोटात काही गेलेलं नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं या लेखाने रद्द समजावीत.

कलम १. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वेंडेल स्ट्रूव्ह, वकील, यांनी करावी. वेंडेल राज्य विद्यापीठाचा आहे, म्हणजे किरमिजी. मी शेतकी विद्यापीठाचा, १९५९ची तुकडी, म्हणजे हिरवा. आमच्या राज्यात मूल जन्मलं की आधी त्याचा रंग ठरतो आणि मग नाव. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना असतो आणि त्या दिवशी वेंडेल आणि मी चाळीस वर्षांत एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही. वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही एकाच टेबलावर नाश्ता करतो. वैरी माणूस कागद बारकाईने वाचतो, म्हणून हे काम त्याच्याकडे.

कलम २. हत्यारं. माझी सगळी हत्यारं, वासरू ओढून काढायच्या साखळ्या, शिंगं कापायची करवत, दोन्ही स्टेथोस्कोप आणि घोड्याचे दात घासायची कानस, माझा दवाखाना आता चालवणाऱ्या डॉ. जोलीन फाइफर यांना द्यावीत. साखळ्या त्यांना लागणार नाहीत, त्यांच्याकडे नवीन आहेत. पण कडाक्याच्या थंडीत नव्या साखळ्या हाताला चिकटतात, या चिकटत नाहीत. हे त्यांना एकदा तोंडी सांगितलं होतं, आता लेखी देतो.

कलम ३. स्टेडियममधल्या जागा. विभाग चौदा, रांग बावीस, खुर्ची सात आणि आठ. १९६३पासून दर वर्षी पैसे भरून मी यांच्या हंगामी तिकिटांचं नूतनीकरण केलं आहे. असल्या जागांवरून या राज्यात घटस्फोट लांबले आहेत आणि भाऊ भावाला दुरावले आहेत. माझा पुतण्या रँडी माझ्या तब्येतीची चौकशी फक्त ऑगस्टमध्ये करतो, कारण नूतनीकरणाची पत्रं ऑगस्टमध्ये येतात. रँडीला माझं बर्फ उपसायचं यंत्र द्यावं. जागा शेतकी विद्यापीठाच्या तिकीट कचेरीला परत कराव्यात आणि प्रतीक्षायादीत जो कोणी पहिला असेल त्याला मिळू द्याव्यात. मला तो माणूस माहीत नाही, म्हणूनच बरं.

कलम ४. टाय. १९७८ साली मी सामन्यावरची पैज हरलो म्हणून वेंडेलने मला वर्षभर दर रविवारी किरमिजी टाय घालून चर्चला पाठवलं होतं. धर्मगुरू प्रवचनात हसले होते. माझा हिरवा टाय वेंडेलला द्यावा आणि तो त्याने माझ्या अंत्यविधीला घालावा. हे कलम टाइप होत असताना वेंडेल म्हणाला की कायद्याने असली सक्ती करता येत नाही. मी म्हटलं, सक्ती नाही, इच्छा आहे.

कलम ५. देह. माझ्या आधीच्या मृत्युपत्रात अस्थी स्टेडियमच्या मैदानात, उत्तरेकडच्या गोलजवळ पसराव्यात असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. मला माझी बायको आर्डिस हिच्या शेजारी गावच्या दफनभूमीत ठेवावं. कारण सातव्या कलमात येईल.

कलम ६. घर. एल्म स्ट्रीटवरचं घर, गॅरेज, मागची सफरचंदाची तीन झाडं आणि बँकेत जी शिल्लक असेल ती, माझी एकुलती एक मुलगी कोरीन हिला द्यावी. कोरीन बाराशे मैलांवर एका छोट्या कॉलेजात तासांप्रमाणे वनस्पतिशास्त्र शिकवते. ती पूर्वी याच गावात, हॅडली फोर्क टीचर्स कॉलेजात, कायम नोकरीवर शिकवायची. ती नोकरी का गेली हे घरासोबत तिच्या हाती पडलं पाहिजे. म्हणून पुढचं कलम.

कलम ७. नववं मत. १९९६ साली राज्य सरकारने सरकारी विद्यापीठांची फेररचना करायला नऊ जणांचा आयोग नेमला. दोन मोठी विद्यापीठं आणि पाच लहान कॉलेजं होती. पैसा कमी पडत होता आणि प्रत्येक लहान कॉलेज कुठल्या तरी मोठ्याच्या पंखाखाली घालायचं होतं. मला अध्यक्ष केलं. गुरांच्या डॉक्टरला दोन्ही रंगांच्या लोकांच्या गोठ्यात प्रवेश असतो, आणि गाय किरमिजी आहे की हिरवी हे मी कधी विचारलं नाही, असा माझा लौकिक होता.

चार कॉलेजांचं भांडण न होता ठरलं. आमच्या गावच्या कॉलेजाचं अडलं. तेराशे ऐंशी विद्यार्थी, बहुतेक शिक्षक होण्यासाठी शिकणारे. त्यांची फुटबॉलची टीम होती, तिचं नाव टोळ. ती वर्षातून एक सामना जिंकायची आणि त्या दिवशी गावातली बेकरी डोनट फुकट वाटायची. शेतकी विद्यापीठाला हे कॉलेज नको होतं. राज्य विद्यापीठ, म्हणजे किरमिजी, घ्यायला तयार होतं. इमारती ठेवू, शिक्षक ठेवू, फक्त नाव आणि रंग आमचा, असं त्यांनी लिहून दिलं होतं. आर्डिस त्या कॉलेजातूनच शिक्षिका झाली होती. कोरीन तिथे नोकरीला होती. दोघींचंही म्हणणं एकच होतं, की हो म्हणा.

मतदान ठेवलं सामन्यानंतरच्या मंगळवारी. ही तारीख ठरवणारा सल्लागार दुसऱ्या राज्यातून आला होता. इथल्या शेंबड्या पोरानेसुद्धा ती चूक केली नसती. शनिवारी आम्ही शेवटच्या सेकंदाला, शेवटच्या किकवर हरलो होतो. मंगळवारी माझा घसा अजून बसलेला होता.

सभेआधी राज्य विद्यापीठाचे उपाध्यक्ष माझ्या टेबलाशी आले. तरुण आणि नम्र गृहस्थ होते, त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांनी मला एक चौकटीतलं चित्र भेट दिलं. त्यात आमच्या गावची पाण्याची टाकी होती, किरमिजी रंगवलेली, आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांच्या विद्यापीठाचं नाव होतं. ते म्हणाले, “डॉक्टर, उद्यापासून तुम्ही आमचेच.”

ती टाकी, खरी म्हणजे हिरवी, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. मी चाळीस वर्षं दात घासायच्या आधी ती पाहत आलो आहे. चार विरुद्ध चार मतं पडली आणि अध्यक्षाचं मत शेवटी असतं. मी नाही म्हणालो.

आयोगापुढे मी सांगितलं की माझी कारणं लेखी देईन. मग बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार बसून मी सहा पानी निवेदन लिहिलं. राज्य विद्यापीठाचं अंतर एकशे चाळीस मैल, वसतिगृहांच्या दुरुस्तीचा खर्च, घटते प्रवेश, सगळं त्यात होतं. त्यातला एकही आकडा खोटा नाही. पण मत दिलं तेव्हा त्यातला एकही आकडा माझ्या डोक्यात नव्हता. माझ्या डोक्यात फक्त टाकी होती.

कॉलेज कुणाच्याच पंखाखाली राहिलं नाही. विधिमंडळाने चौथ्या वर्षी त्याला कुलूप लावलं. मुख्य इमारतीत आता तणनाशकाची पिंपं ठेवतात. गावच्या शाळेला शिक्षक मिळत नाहीत. तिसरी, चौथी आणि पाचवी एकच बाई शिकवते. टाकी आजही हिरवी आहे आणि तिचं पाणी पिणारे लोक निम्मे झाले आहेत.

आर्डिसने मला एकदाच विचारलं होतं. भांडी पुसता पुसता म्हणाली, “एल्डन, ते चित्र नसतं तर?” मी म्हटलं, आकडे तेच असते. तिने पुन्हा विचारलं नाही. ती २०११ साली गेली. तिच्याशी मी खोटं बोललो हे तिला माहीत होतं असं मला वाटतं, पण तेही मला खात्रीने सांगता येणार नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट कोरीनची. मतदानानंतरच्या आठवड्यात वेंडेल कॅफेत मोठ्याने म्हणाला होता की डॉकने, म्हणजे मी, रंग बघून मत दिलं. कॅफे भरलेलं होतं. कोरीन उठून उभी राहिली आणि म्हणाली, “माझे वडील असलं काही करत नाहीत. सहा पानं वाचा आणि मग तोंड उघडा.” त्यानंतर चार वर्षं, स्वतःची नोकरी जाईपर्यंत, ती हेच सांगत फिरली. तिची जिवाभावाची मैत्रीण बेव्हर्ली त्याच विभागात होती. ती निवेदनाला हसली म्हणून कोरीनने तिच्याशी बोलणं तोडलं. मी हे सगळं पाहत होतो. मी तिला थांबवायला हवं होतं. मला तिचं बोलणं ऐकायला आवडायचं, म्हणून मी थांबवलं नाही. याची मला लाज वाटते आणि तेवीस वर्षं वाटत आली आहे.

घरातल्या माझ्या पेटीत ठेवलेलं सहा पानी निवेदन कोरीनने हवं तर जाळावं.

कलम ८. वरचं कलम मी वेंडेलला त्याच्या कचेरीत तोंडी सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. मला वाटलं आता हा टेबलावर चढून नाचेल, कारण तेवीस वर्षांपूर्वी तो बरोबर होता. त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, “डॉक, ती हे वाचेल तेव्हा तू मेलेला असशील. बरीच सोय करून घेतलीस रे स्वतःची.”

मी घरी आलो. दोन दिवस माझं त्याच्याशी मनातल्या मनात भांडण चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मी कोरीनला फोन केला आणि म्हटलं, सही करायच्या आधी तुला काही वाचून दाखवायचंय. ती म्हणाली, फोनवर वाचा. मी म्हटलं, नाही. ती दोन दिवस गाडी चालवत आली.

पुढचं कलम वेंडेलने ती आल्यानंतर, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाताने लिहिलं आहे. खाडाखोड आहे. प्रत्येक खाडाखोडीवर माझी आद्याक्षरं आहेत.

कलम ९. दुरुस्ती. आज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात, वेंडेल आणि त्याची कारकून लॉइस हॅमर यांच्यासमोर, मी हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून कोरीनला वाचून दाखवलं. रँडीच्या यंत्राला ती हसली. सातव्या कलमानंतर तिने ते पान मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “बेव्ह गेल्या वर्षी गेली, डॅड. मी तिच्या अंत्यविधीलाही गेले नाही. तुमच्यासाठी.”

मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला माफ कर. तिने वेंडेलला विचारलं की साक्षीदार म्हणून कोण सही करतं. वेंडेलने सांगितलं, दोन जण लागतात. एक लॉइस, दुसरं शेजारच्या कोणाला बोलावू. फक्त ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष करू नये.

“मग माझं नाव काढा त्यातून,” कोरीन म्हणाली.

वेंडेल म्हणाला, पोरी, घर आहे ते, रागाच्या भरात घर सोडू नकोस. ती म्हणाली, “राग आहेच. पण म्हणून नाही. तेव्हा चार वर्षं मी गावभर यांच्या बाजूने साक्ष देत फिरले, ती खोटी निघाली. आता एक खरी द्यायचीय मला. घर घेतलं तर ती देता येणार नाही ना?”

वेंडेल म्हणाला, नाही. मी तिला म्हटलं, विचार कर, तुझ्याकडे स्वतःचं घर नाही. ती म्हणाली, तुम्ही कारणं शोधायला तीन दिवस घेतले होते, मला तेवढे लागणार नाहीत.

म्हणून कलम ६ रद्द. घर, गॅरेज, झाडं आणि शिल्लक हॅडली फोर्कच्या शाळा मंडळाला द्यावी. बाहेरगावाहून या गावात शिकवायला येणाऱ्या शिक्षकाला तिथे बिनभाड्याने राहू द्यावं. ही सूचना कोरीनची. शिक्षकाने कुठल्या विद्यापीठातून पदवी घेतली हे मंडळाने विचारू नये. ही अट माझी.

तिने मला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही. तो तिचा मामला आहे. माझ्या हयातीत तिने ते सांगितलं तर मी ऐकेन. सांगितलं नाही तरी या कागदातलं एक अक्षर बदलू नये.

हे सर्व वाचून, समजून, पूर्ण शुद्धीत, खालील साक्षीदारांसमक्ष मी सही केली आहे.

ठिकाण: हॅडली फोर्क, मॅरो काउंटी
दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९

(सही) एल्डन जे. नेमेचेक

साक्षीदार क्र. १: लॉइस हॅमर, कारकून, हॅडली फोर्क. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार क्र. २: कोरीन नेमेचेक, शिक्षिका. साक्षीदाराने फक्त सहीची साक्ष द्यायची असते, मजकुराची नाही, असं वकिलांनी मला सांगितलं आहे. तरीही लिहिते. करणारे माझे वडील आहेत. त्यांनी हा मजकूर माझ्यासमोर, माझ्याकडे बघत, स्वतःच्या तोंडाने वाचला. मी तो पूर्ण ऐकला. तो खरा आहे. मला यातून काही मिळत नाही. (सही)