मतलई वारा फिरेपर्यंत

माय, त्या वर्षीचा नऊ पोती गहू आपल्याला तुझ्या डाव्या डोळ्याला पडला. बैल, माणसं, सहा दिवसांची मळणी, खाली सांडलेलं, उंदरांनी खाल्लेलं, हे सगळं धरलं तरी त्याची खरी किंमत तेवढीच. बाकीचं पुढच्या वर्षी भरून आलं. मी ही गोष्ट घरात, सोयऱ्यांत आणि पुढे धंद्यातल्या माणसांत कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी वाऱ्याने दगा दिला असंच सांगितलं. वाऱ्याने काही केलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो. हे मला एकदा तुझ्या नातीला सांगायचं होतं, म्हणून या हिवाळ्यात मी समुद्रावर गेलो. तिथे माझं दुसरं काही काम नव्हतं.

तुला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. आणि मी लिहितो ते शाळेतल्या मराठीत. आपल्या बोलीत मला अजून भांडता येतं, गाडीवाल्याला शिव्या देता येतात, पण लिहायला बसलो की ती बोटांत उतरत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कसाले लिखी राहिना, बोल ना तोंडघाई." तोंडाने बोलायचं होतं तेव्हा नाही बोललो.

तुझी ही नात तू गेल्यावर सात वर्षांनी झाली. शिकली, पुण्यात चांगली नोकरीला लागली, आणि दोन वर्षांपूर्वी ती सोडून कोकणात एका खेडेगावी जाऊन राहिली. तिथे ती लोकांना फळीवर उभं राहून लाटेवरून यायला शिकवते. सर्फिंग म्हणतात त्याला. इथे सावद्यात मला कोणी विचारलं, मुलगी काय करते, की मी म्हणतो, "समुद्राचं काम आहे तिचं." ऐकणाऱ्याला वाटतं जहाजावर आहे. मी दुरुस्त करत नाही. तिने मला सांगितलेलं वेगळंच आहे. लहानपणी मी तिला खळ्याची गोष्ट सांगायचो, आजी लाकडी घोडीवर उभी, हातात टोपली, आणि खाली नऊ वर्षांचे पप्पा कान लावून वारा ऐकतायत. त्या गोष्टीनेच आपल्याला वाऱ्याचं वेड लागलं, असं ती म्हणते. तिच्या त्या शाळेत नवीन माणूस आला की त्यालाही ती हीच गोष्ट सांगते. एका खोटेपणावर पोरीने नोकरी सोडली, असं मला वाटत राहायचं.

ते खळं मला अजून जसंच्या तसं दिसतं. शेणाने सारवलेलं, मध्ये गव्हाचा ढीग, आणि दोन दिवस वारा पडलेला. पानसुद्धा हलत नाही. तू तीन पायांच्या उंच लाकडी घोडीवर चढून उभी आहेस, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, त्याचं टोक तेवढं मोकळं. तुझी थोरली लेक, अक्का, खालून टोपली भरून वर देते. मी दहा हात पलीकडे, बाभळीखाली. मला तू काम दिलं आहे: वारा आला की सांगायचं. "कान दे," म्हणतेस. "डोयाले काय दिसस? वारा कानले समजस." मी कान देतो. खरंच ऐकू यायचं मला. लांबच्या शेवरीच्या झाडांमध्ये आधी सळसळ व्हायची, मग बांधावरच्या गवतात, मग माझ्यापर्यंत. मी म्हणायचो, "उना, माय," आणि तू टोपली तिरकी करायचीस. दाणे सरळ तुझ्या पायाशी पडायचे, भुसा तिकडे उडून जायचा. वारा एका बाजूने आला आणि तसाच राहिला, तर हे सगळं होतं. मध्येच फिरला तर भुसा तोंडावर.

त्या दिवशी बाजाराचा दिवस होता. आबा बैलगाडी जुंपून उभे. मला बरोबर न्यायचं कबूल केलेलं, पण अट अशी की ढीग संपल्याशिवाय खळं सोडायचं नाही. वारा काही येईना. गाडीची घंटा हलली, आबांनी बैलांना चुचकारलं, ते मला ऐकू आलं. दुसरं काहीच ऐकू आलं नव्हतं. मी ओरडलो, "उना, माय, वारा उना." टोपली रिकामी झाली, आणि वारा आला तो समोरून. तू खाली उतरलीस, बसलीस, पदर डोळ्याला लावलास. गव्हाचं टोकदार कूस गेलं होतं डोळ्यात. मी जवळ आलो तर म्हणालीस, "जाय तू, गाडी जाई राहिनी." मी गेलो. बाजारात आबांनी कागदात शेव घेऊन दिली, ती सगळी खाल्ली. आठ दिवस घरचे उपाय झाले, मग धुळ्याला दवाखाना. डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. मला त्याचं काय वाटलं हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे. काही वाटल्याचं आठवत नाही. शेव तिखट होती हे आठवतं.

पुढेही तसंच. मी सावद्याला आलो, केळीचे घड डोक्यावरून वाहिले, मग गाडी भरून देणारा झालो, मग स्वतःच्या गाड्या, आता पिकवायच्या खोल्या आहेत. लोक म्हणतात, याचे कान तीक्ष्ण. आहेतच. फोनवर समोरचा व्यापारी श्वास कसा घेतो त्यावरून मला कळतं तो भाव वाढवणार की नाही. खोल्यांच्या मशिनचा आवाज बदलला तर घरी जेवताना कळतं. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी घड मोजत होतो. निरोप आणणाऱ्याला म्हटलं, थांब, आणि उरलेले मोजून पुरे केले. मग धुळ्याची गाडी धरली. सगळे रडत होते, मी पंख्याचा आवाज ऐकत होतो. त्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं.

तर समुद्र. समुद्र बघून माणसाला भरून येतं असं म्हणतात. मला पाणी दिसलं. पण सकाळी सात वाजता पोरीने मला वाळूवर उभं केलं आणि म्हणाली, "पप्पा, पाठीला काय लागतंय?" गार वारा लागत होता, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. भूगोलात आम्ही घोकलेला मतलई वारा तो हाच. ती म्हणाली, "हा आहे तोवर मजा. लाट फुटायला येते ना, हा तिला पुढून धरून ठेवतो. ती उभी राहते, काचेसारखी. मग दहा-साडेदहाला जमीन तापते, वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो. की लाट मागून ढकलली जाते, मोडते, नुसता फेस. आणि पाणी आडवं ओढायला लागतं, त्या दगडांकडे." तिच्या फोनवर सगळं येतं, लाट किती फूट, दोन लाटांत किती सेकंद, वारा कुठून. "पण मागे डोंगर आहे," म्हणाली, "म्हणून इथे फोनचा अर्धा तास इकडेतिकडे होतो. शेवटी आपणच बघायचं." मला हे समजावून सांगावं लागलं नाही. ते खळंच होतं. फक्त गव्हाच्या जागी माणसं होती.

त्या दिवशी शिकायला एकच होती. नाशिकच्या एक बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, पन्नाशी उलटलेल्या, पाण्याला घाबरणाऱ्या आणि तरी हट्टाने आलेल्या. पोरीने माझी ओळख करून दिली ती तीच गोष्ट सांगून. बाई म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे हवामान खातं घरचंच." मला गप्प राहायला हवं होतं. पण समोर ऐकणारं माणूस असलं की माझी जीभ थांबत नाही. मी म्हटलं, "ताई, फोनला हवा कळते, मला वारा कळतो. फिरायच्या दहा मिनिटं आधी सांगतो तुम्हाला. चुकलो तर आमच्याकडची शेवभाजी माझ्याकडून." बाई म्हणाल्या, "मग ठरलं. मी काही दगडांकडे बघणार नाही, तुमच्याकडे बघणार. तुम्ही हात केला की मी बाहेर." पोरगी हसली. माझ्यावर विश्वास टाकून ती बाईंची फळी धरून कमरेएवढ्या पाण्यात गेली.

मी एका पालथ्या होडीला टेकून बसलो आणि कान दिला. मतलई वाऱ्यात लाट फुटते तेव्हा एकच आवाज होतो, ट्रकवरून पोतं टाकल्यासारखा, आणि मग थोडी शांतता. त्या शांततेत काहीतरी ऐकू येईल असं मला वाटलं होतं. नऊ वाजले. साडेनऊ झाले. बाई चार वेळा पडल्या, पाचव्यांदा गुडघ्यावर उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या. मागे सुरूची झाडं होती, त्यांच्यात सळसळ होती, पण ती सकाळपासून होती तशीच. मला वाऱ्याचं काही कळत नव्हतं. समुद्राच्या आवाजाखाली बाकी सगळं बुडून गेलं होतं. दहा वाजायला आले तेव्हा बाईंनी पाण्यातून माझ्याकडे बघून अंगठा वर केला. म्हणजे, अजून थांबू का? पोरगीही बघत होती. तोंडात एक उत्तर तयार होतं. फक्त मान हलवायची होती. मी उठलो, पाण्यापर्यंत गेलो, बूट भिजले, आणि ओरडलो, "मला ऐकू येत नाही. काही कळत नाही मला. बाहेर या."

त्या आल्या. वारा मात्र पुढे पाऊण तास फिरला नाही. दोन तरुण पोरं आमच्या डोळ्यांसमोर काचेसारख्या लाटांवरून येत होती, आणि बाई टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. "काका," म्हणाल्या, "माझी आयुष्यातली पहिली चांगली लाट तुम्ही खाल्लीत. शेवभाजी तिखट करायला सांगा, त्याशिवाय फिटणार नाही." आणि कपडे बदलायला गेल्या.

पोरगी माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "पप्पा, घाबरलात का?" मग मी सांगितलं. घंटा, बाजार, शेव, सगळं. त्या दिवशी वारा ऐकू आला नव्हता आणि तरी मी ओरडलो, हे सांगितलं. ती वाळूत बोट फिरवत होती. रडेल, चिडेल, आधीची गोष्ट परत मागेल, असं काहीतरी मी धरून चाललो होतो. तिने विचारलं, "तेव्हा तिथे अजून कोण होतं?" मी म्हटलं, तुझी आत्या. तिने लगेच धुळ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

अक्का काहीतरी चावत होती, बहुतेक सुपारी. पोरीने सगळं विचारलं. अक्काने आधी ऐकून घेतलं आणि मग इतकी हसली की खोकला लागला. "अरे भाऊ," म्हणाली, "तुले कसाना वारा समजे?" मग जे बोलली ते शाळेतल्या मराठीत असं. "माय पदराच्या मोकळ्या टोकाकडे बघायची. ते हललं की ओतायची. त्या दिवशीही टोक हललं, मायने टोपली तिरकी केली, अर्धी रिकामी झाली, आणि तेव्हा तू ओरडलास. टोपली मीच वर दिली होती, माझा हात अजून वरच होता, मला नाही का माहीत? माय चुकली. दोन दिवस खोळंबली होती, कंटाळली होती, घाई केली तिने." मी विचारलं, मग मला रोज तिथे कान द्यायला का बसवायची? अक्का म्हणाली, "तू हिरवर पळी जाये, म्हनीसन. एक काम दिधं का तू गुपचूप बसे." मी विहिरीवर पळून जायचो, म्हणून.

फोन बंद झाल्यावर पोरगी म्हणाली, "बघा पप्पा, सुटलात." मी मान हलवली. तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि फळ्या धुवायला गेली. साधारण पावणेअकराला वारा फिरला. लाटांमधली शांतता गेली, गिरणीत उभं राहिल्यासारखा एकसारखा आवाज सुरू झाला. तो फिरल्यावरच मला कळलं.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. टेबलाच्या खणात राहील, नाहीतर पोरं एखाद दिवशी रद्दीत घालतील. पण एक लिहून ठेवतो. मला सुटल्यासारखं वाटलं नाही, माय. वाईट वाटलं. तुझ्या डोळ्यासाठी नाही. पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझी माय माझ्या कानांवर खळं चालवायची, आणि त्यातलं काहीच राहिलं नाही, म्हणून. सावद्याला आल्यावर मी अक्काला पुन्हा फोन केला आणि खातरजमा केली. ती वैतागली, पण तिने सांगितलं. आपल्या विहिरीला तेव्हा कठडा नव्हता.